हात न लावता

पालखी खालच्या आळीत नाचायला लागली तरी उज्वलाने घरात कुणाला काही सांगितलेलं नव्हतं.

सांगायचं तसं थोडकंच होतं. जूनपासून पुण्याच्या संस्थेत रुजू होते, असं दिवाळीत फोनवर ती आईला बोलून बसली होती. ते आता तिच्याने होणार नव्हतं. डेन्मार्कात विमानात बसताना हे वाक्य तिने नीट घोकलं होतं. मुंबईत उतरली तेव्हा त्यातलं निम्मं गळालं. महाडच्या स्टँडबाहेर धाकटा भाऊ किशोर गाडी घेऊन उभा दिसला तेव्हा उरलेल्याचंही निम्मं झालं, आणि पोलादपूर मागे टाकून गाडी वाडीच्या चढाला लागली तोवर तिच्या तोंडात "आई कशी आहे?" याखेरीज काही शिल्लक नव्हतं. होळी पेटली, विझली, राख कपाळाला लागली, धुळवड खेळून मुंबईकर पोरांचे आवाज बसले, तरी वाक्य आपलं पोटातच. धातूच्या पृष्ठभागावर रेणू कसे बसतात आणि कसे उठतात यावर भरल्या सभागृहात तासभर बोलणारी ही बाई. बापाच्या, काशीराम उतेकरांच्या, चुलीपुढे बसली की तिची अशी वाचा जायची.

चुलीपुढे आज बायकांचं राज्य होतं. आई जानकीबाई पुरणाच्या पोळ्या लाटत होती, वहिनी सारिका तव्यावर भाजत होती, आणि खास शिमग्याला तुडीलहून आलेली तुळसाआत्या काहीही न करता दोघींना कामं सांगत होती.

"पुन्यास्नं पयली येष्टी कवा सुटते गो?" जानकीबाईने विचारलं. विचारण्यापुरतं विचारलं, उत्तर तिचं तिच्यापाशी तयार होतं. "सक्काळची धरलीस तर दुपारच्या जेवनाला घरात. वरंध घाट बंद असला तर ताम्हिणीनं ये. शुकीरवारी यायचं, सोमवारी जायचं. खालच्या मोरूचा पोरगा असाच येतो."

"मोरूचा पोरगा?" तुळसाआत्या म्हणाली. "दोन शिमगं झालं, मी त्याचं तोंड बघितलं नाय."

"तुमी गप बसा वन्सं."

सारिका तव्याकडे बघून हसली. उज्वलालाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण तिला यायचं होतं. हे तिने कुणाला शपथेवर सांगितलं असतं तरी आता खरं वाटलं नसतं, पण यायचं होतं. दुपारी तीनलाच अंधारून येणाऱ्या त्या शहरात, खिडकीबाहेर बर्फ आणि आत संगणकाची घरघर चालू असताना, तिने या शुक्रवारांची किती वेळा मनातल्या मनात फेरी मारली होती. पोलादपूरला उतरायचं. नाक्यावर चहा घ्यायचा. चढ चढताना दम लागला की करवंदाच्या जाळीपाशी थांबायचं. वरून आईची हाक येणार, "कोन गो?" आणि आपण म्हणायचं, "मी." एवढंच. एवढ्यासाठी माणूस रडतो हे तिला परदेशात गेल्यावर कळलं होतं.

ढोल एक घर वर सरकले. खालूबाज्यातली सनई आता ओळखू येत होती. तेवढ्यात मागच्या दाराने किशोर आत आला. पालखीला खांदा देऊन त्याचा सदरा उजव्या बाजूने पार भिजला होता, केसांत गुलाल होता. चाळिशी ओलांडलेला हा माणूस एरवी महाडच्या एमआयडीसीत शिफ्ट सांभाळायचा आणि तोंडावर तसाच शिफ्टवाला कंटाळा घेऊन फिरायचा. आज मात्र तो लहान दिसत होता.

"ताई, काम फिट केलंय," तो माठातलं पाणी घटाघट पिऊन म्हणाला. "येसाजीकाकांना सांगून आलो. आपल्या घरचं गाऱ्हाणं घालताना ते तुझं नाव घेणार. लेक परत आली म्हणून. सगळी वाडी ऐकेल."

जानकीबाईचा हात पोळपाटावर थांबला. "खरंच म्हनले ते?"

"म्हणजे काय! नारळही मोठा घे म्हणाले."

झालं. आता पळायला वाट नव्हती. वाडीत माणूस एकमेकांशी खोटं बोलतो, सरकारी माणसाशी बोलतो, नवराबायको तर बोलतातच; पण पालखी पाटावर टेकल्यावर मानकरी येसाजीच्या तोंडून जे निघतं ते ग्रामदेवी सोमजाईशी बोललेलं असतं. ते मागे घेता येत नाही. देवीला खोटं सांगून उज्वला विमानात बसली असती तर पुढचं वर्षभर घरात कुणाला साधी शिंक आली तरी आईने तो दोष स्वतःच्या माथ्यावर घेतला असता.

"किशोर," ती म्हणाली, "काकांना नको सांगूस. मी पुण्याला येत नाहीये."

तव्यावरची पोळी फुगली, सारिकाने उलटली नाही.

"म्हणजे? जूनमध्ये नाही?"

"जूनमध्ये नाही. चार-पाच वर्षं तरी नाही. पुण्याची जागा तोवर थांबणार नाही. मी त्यांना अजून कळवलं नाही, आधी इथं सांगायचं होतं."

"आधी!" किशोरने तांब्या खाली ठेवला. "आठवडा झाला ताई तुला येऊन. आई त्या येष्टीचं टाइमटेबल पाठ करून बसली, आणि तू आधी सांगतेस?"

"किशा, हळू," तुळसाआत्या म्हणाली. "पडवीत तुझा बाप बसलाय."

"बसू दे. त्यांनाही ऐकू दे."

बोलणार होता तो आणखी, पण सारिकाच मध्ये पडली. नात्यातलीच ही मुलगी लग्न होऊन आल्यापासून या घरात कुणाला उलट बोललेली नव्हती, त्यामुळे तिने तोंड उघडताच आत्यासुद्धा गप्प झाली. "ताई, तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. यांना कंपनीने दोनदा गुजरातला वरच्या जागेवर बोलावलं. दोन्ही वेळा नाही म्हणाले. बाबांचा हात असा, आईंचे गुडघे तसे, कोण बघणार. तुम्ही पुण्याला आलात तर तीन-चार तासांत घरी पोचाल, मग आपण जाऊ, असं आमचं ठरलं होतं. मला राग नाही आला तुमचा. पण आम्हीपण वाट बघत होतो."

उज्वलाला हे खरोखरच ठाऊक नव्हतं. तिने किशोरकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. शाळेत नापास झाल्यावर करायचा तसं.

 जानकीबाईने पुढचा उंडा घेतला, पिठात घोळवला आणि लाटायला लागली. ते लाटणं बघवत नव्हतं.

पडवीतून काठीचा आवाज आला आणि काशीराम दारात उभा राहिला. उंच, वाळलेला, उजवा हात सदऱ्याच्या खिशात. तो हात तो सणासुदीला खिशातच ठेवायचा. त्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटून वळलेली होती.

"मी ऐकलं," तो म्हणाला. "उजे, तुला त्या भांड्याजवळ जायलाच पायजे का?"

गेल्या कित्येक वर्षांत बापाने तिला विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न होता. फोनवर तो "घे, आयशी बोल" यापलीकडे जात नसे. त्याचं कारण काय, हे तिने स्वतःशी पुष्कळदा जुळवून पाहिलं होतं. लग्न केलं नाही म्हणून असेल. पैसे पाठवते ते त्याला आवडत नसेल. आणखी काहीबाही. भांडं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"कसलं भांडं, बाबा?"

काशीरामने काठी वर करून पडवीच्या भिंतीकडे रोखली. तिथे वर्तमानपत्रातलं एक कात्रण किशोरने प्लॅस्टिकमध्ये बसवून टांगलं होतं. पोलादपूरच्या कन्येची उत्तुंग भरारी, असं काहीतरी त्यावर होतं, आणि फोटोत उज्वला डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, शेजारी पुरुषभर उंचीचं चकचकीत स्टीलचं भांडं, झाकणाला जाड बोल्ट. येणारा-जाणारा तो फोटो बघून कौतुक करायचा. काशीराम रोज त्याच्या बरोब्बर खाली, त्याच्याकडे पाठ करून बसायचा.

"हायड्रोजनचं भांडं हाय ते," तो म्हणाला. "मी ओळखनार नाय? बोल्ट बघून सांगतो मी. सवच्या पान्याजवळ तू माज्या हातावर हात ठेवून काय कबूल केलं व्हतंस?"

ते उज्वला विसरणं शक्य नव्हतं. अकरावीत होती ती, महाडच्या कॉलेजात. काशीराम तेव्हा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ऑपरेटर होता. तिथे तेलात हायड्रोजन घालायला निकेलची काळी भुकटी वापरत. पाण्याखाली ठेवली तर गरीब गाय. सुकली की नुसत्या हवेने पेटायची. कुणीतरी गाळणीचा कपडा त्या काळ्या चिखलासकट उन्हात तसाच टाकला होता. काशीराम तो उचलायला गेला. पुढे कितीतरी महिने तो सवच्या गरम पाण्याच्या कुंडाशी जाऊन हात शेकत बसायचा आणि कॉलेज सुटलं की उज्वला त्याला आणायला जायची. तिथेच एकदा त्याने तिला म्हटलं होतं, शीक हवं तेवढं, पण त्या काळ्या चिखलाला आणि त्या भांड्याला हात लावायचा नाय. तिने त्याच्या पट्टी बांधलेल्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं.

पुस्तकात त्याच वर्षी एक वाक्य आलं होतं: उत्प्रेरक अभिक्रिया घडवून आणतो, पण स्वतः बदलत नाही. सरांनी ते दोनदा लिहून घेतलं. उज्वलाला ते पटेना. निकेलचं काय ते निकेलला माहीत, तिच्या बापाचा हात तर बदलला होता. त्या धातूच्या अंगावर नेमकं काय घडतं, वायू येऊन कुठे बसतो, कशाने सुटतो, कशाने पेटतो, हे तिला कळायलाच हवं होतं. आणि हात तर लावायचा नव्हता. हात न लावता त्या धातूच्या अंगावरून चालत जायची एकच वाट होती, ती गणिताची. मुंबईला एम.एस्सी., पुण्यात पीएच.डी., मग जर्मनीत दोन-दोन वर्षांच्या करारावर भाड्याच्या खोल्या बदलत, मग डेन्मार्क. त्या एका शब्दापायी ही सगळी वाट ती संगणकासमोर बसून चालली होती. आणि इकडे तिचा बाप भिंतीवरच्या फोटोला पाठ देऊन बसला होता, पोरीने शब्द मोडला म्हणून.

हे तिला त्या क्षणी असं एकदम कळलं, की ती उठून उभीच राहिली.

"बाबा, मी त्या भांड्याला कधी हात लावला नाय."

"तो फोटू खोटा हाय?"

"फोटू खरा हाय. भांडं माझं नाय. ते शेजारच्या डिपार्टमेंटचं. फोटोवाल्याला माझ्या खोलीत टिपण्यासारखं काही दिसेना. टेबल, संगणक नि फळा. मग तो मला तिकडं घेऊन गेला, दुसऱ्याचं हेल्मेट घातलं नि उभी केली. मी फक्त हिशेब करते बाबा. धातूवर काय होईल त्याचा. माझ्या खोलीत साधी काचेची नळी पण नाय."

"लॅब नाही तुझी?" किशोरने विचारलं. तो सगळ्या महाडात ताईची लॅब, ताईची लॅब करत फिरला होता.

"नाही रे."

काशीराम दारातच बसला, उंबऱ्यावर.  पालखी आता मोरूच्या अंगणात आली होती; पोरांच्या आरोळ्या स्पष्ट येत होत्या.

"एकदाबी नाय?"

"एकदाबी नाय."

"मग इतकी वर्सं तिकडं काय बघतेस तू?"

हे त्याने टोचून विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि उज्वलाला असं वाटलं की हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून आपण जन्मभर थांबलो होतो. ती त्याच्यासमोर खाली बसली. "धातू वरून गुळगुळीत दिसतो ना बाबा, तसा तो नसतो. आपल्या डोंगराला खाचरं आहेत तशी त्याला पायऱ्या असतात. सपाट जागेवर वायू नुसता येतो नि जातो. पायरीच्या कडेला, बांधाशी, तिथं तो धरला जातो. घट्ट धरला तर सुटत नाही, जागा अडवून बसतो. सैल धरला तर काही होण्याआधीच उडून जातो. किती धरायचं, ते मी काढते. असा धातू बनवला तर इतकं धरेल, तसा बनवला तर तितकं."

"आन् मग बनवतात तो?"

"नाय बनवत," ती हसली. "तेच तर. आजवर मी काढलेला एकही धातू कोणी बनवला नव्हता. सगळं कागदावर. प्रयोग करणारे आमची थट्टा करतात, तुमचे धातू फार चांगले, भंगारात पण सापडत नाहीत म्हणून. आता पहिल्यांदा एकजण बनवतोय. हवेतल्या नायट्रोजनचं खत करायचं, पण भट्टी न पेटवता, थोड्याशा उष्णतेवर. युरियाच्या कारखान्याला किती गॅस जाळावा लागतो तुम्हाला ठाऊक आहे. फेब्रुवारीत त्याला पाच वर्षांच्या कामाची मंजुरी मिळाली. मे महिन्यात पहिला धातू तयार होईल, मग पुढची वर्षं त्याच्या चाचण्या. बाबा, मला तो बघायचाय."

"थांब ताई," किशोर म्हणाला. त्याचा आवाज आता चढा नव्हता, पण धार होती. "तू कॉम्प्युटरवरच काम करतेस, बरोबर? मग हे पुण्यात बसून कर ना. इंटरनेट हाय, व्हिडिओ कॉल हाय. आमच्या कंपनीचा साहेब सिंगापूरवरून प्लँट बघतो. धातू तो बनवणार, हिशेब तू करणार, मग तिकडंच राहायला पाहिजे असं काय आहे?"

बिनतोड होतं. तिने बापापुढे जो खरेपणा मांडला होता तोच उचलून किशोरने तिच्यासमोर ठेवला होता. विद्यापीठाची कारणं तिच्याकडे होती, पुण्याच्या वर्गांची, विद्यार्थ्यांची, मंजुरीच्या अटींची. ती सांगितली असती तर किशोरने मानही डोलावली असती. तिने ती सांगितली नाहीत.

"इतकी वर्षं लांबूनच केलं, किशोर," ती म्हणाली. "सगळंच लांबून केलं. ज्या धातूवर जन्म घालवला तो मी डोळ्यांनी पाहिला नाही. आई म्हातारी झाली ती फोनवर पाहिली. तुझी पोरं मोठी झाली ती फोटोत. मी चांगली आहे लांबून करण्यात, मला बक्षिसं मिळतात त्याची. आता एकदा, एका तरी गोष्टीच्या जवळ जायचंय. त्या धातूचं भांडं उघडतील तेव्हा तिथं उभं राहायचंय. मग त्यात काही नसलं तरी चालेल."

 सारिकाने करपलेली पोळी तव्यावरून काढून बाजूला ठेवली.

काशीरामने खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि गुडघ्यावर ठेवला. सणाच्या दिवशी, सगळ्यांदेखत. "ग्लोज घाल," तो म्हणाला.

"काय?"

"हात लावशीलच तू. इतकी वर्सं ऱ्हायलीस, आता नाय ऱ्हानार. लाव. मी सोडली तुला त्यातनं. पर ग्लोज घाल. आन् सुकू देऊ नको." मग तो किशोरकडे वळला. "तूबी जा रं गुजरातला. मी नि तुजी आय काय पाळन्यात हाव?"

"बाबा, तुमचा हात..."

"हाताला काय झालंय? जेवतोय ना मी त्यानं?"

आणि इथे जानकीबाईने लाटणं खाली ठेवलं.

"तुमीबी?" ती नवऱ्याला म्हणाली. "इतकी वर्सं तिला आनायचं म्हनून माज्या जोडीला व्हता. मला वाटलं एक मानूस तरी हाय माज्या बाजूनं. आनि तुमाला तिची याद येत नव्हती, तुमाला त्या भांड्याचं भ्या वाटत व्हतं! भ्या गेलं, तुमी मोकळं. मला नाय वाटत भांड्याचं भ्या. मला काय कळतंय त्यातलं? मला माजी पोर पायजे व्हती." ती उठली; गुडघ्याला हात देऊन उठावं लागलं. "जा. सगळी जा. मी नि ही चूल."

"वैनी, वैनी," आत्या मागे धावली. मागच्या दाराशी जानकीबाई भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. उज्वला तिच्यामागे गेली आणि दोन हातांवर थांबली. पुढे जाऊन मिठी मारायचं तिच्या मनात होतं, पण तेवढं जवळ जायची सवयच राहिली नव्हती.

"आई."

"पालखी आली," जानकीबाई म्हणाली. "तोंड धू. पदर... ओढनी घे नीट."

पालखी अंगणात आली तेव्हा सगळं घर पडवीत उभं होतं, जसं काही झालंच नव्हतं. शिमग्याची हीच तर खुबी आहे. देवी दारात आली की भांडणाला थांबावं लागतं. किशोरने धावत जाऊन खांदा दिला. पालखी दोनदा डोलली, तिसऱ्यांदा थेट पडवीच्या कडेपर्यंत आली, आणि पोरांनी ओरडून ओरडून तिला पाटावर टेकवली. काशीरामने डाव्या हाताने नारळ पुढे केला. येसाजी पालखीच्या गुरवाशेजारी उभा राहिला, डोक्याचा फेटा सारखा केला, आणि गाऱ्हाणं सुरू करण्याआधी हळूच जानकीबाईकडे वळला.

"वैनी, किशा म्हनतो लेक परत आली. तसं सांगू ना आईला?"

सनई थांबली होती. किशोर मान खाली घालून पालखीच्या दांड्याला धरून होता. त्याने काकांना काहीच निरोप दिला नव्हता. वेळच मिळाला नव्हता, किंवा मिळूनही दिला नव्हता. उज्वलाने तोंड उघडलं, पण तिच्या आधी आई बोलली.

"परत नाय आली," जानकीबाई म्हणाली. "तसं सांगू नका. लेक कामाला जाते म्हनावं. लांब जाते. तिच्या हातांना सांभाळ म्हनावं आईला."

येसाजीने एकवार सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. शहाणा माणूस. त्याने विचारलं नाही. "हे आई सोमजाई," त्याचा आवाज अंगणभर पसरला, "काशीराम उतेकराची लेक उज्वला लांब मुलखाला कामाला जाते. तिच्या हातांना सांभाळ. तिला सुखरूप ने, सुखरूप आन."

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली.

मग येसाजीने पुकारलं, "माहेरवाशिणी फुडं या, आईची ओटी भरा."

आता या वाडीची रीत अशी, की पालखीची ओटी आधी भरायची ती त्या घरातून सासरी गेलेल्या लेकींनी. घरच्या बायका नंतर, आणि बिनलग्नाच्या पोरी सगळ्यांत मागे, हातात नुसतं फूल घेऊन. केस पिकायला लागले तरी उज्वला दर वेळी त्या मागच्या रांगेत, शाळकरी पोरींच्यात उभी राहायची आणि पोरी एकमेकींना कोपराने ढोसून हसायच्या. आजही ती तिथेच जाऊन उभी राहिली होती. तुळसाआत्या तांदळाचं ताट घेऊन पुढे झाली. जानकीबाईने दुसरं ताट उचललं, मागे आली आणि उज्वलाचं मनगट धरलं.

"चल."

"कुठं?"

"फुडं."

"वैनी, अगो काय करता?" आत्या कुजबुजली, पण तिची कुजबुज शेजारच्या अंगणात जाणारी होती. "लगीन नाय झालं तिचं. घरची लेक हाय ती. माहेरवाशिणीत कशी भरंल?"

"जिला धाडली ती माहेरवाशीन," जानकीबाई म्हणाली. "मी आज हिला धाडली."

 येसाजीने नुसती वाट करून दिली. उज्वलाने तांदूळ, खण, नारळ देवीपुढे ठेवला. ठेवताना थोडे तांदूळ पाटाबाहेर सांडले. किशोरने खाली वाकून ते गोळा केले आणि परत तिच्या ओंजळीत घातले. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, पण ओंजळीखाली हात थोडा वेळ धरून ठेवला.

पालखी पुढच्या घराला गेली. ढोल दूर जायला लागले, सगळे पाठोपाठ गेले, काशीरामसुद्धा काठी टेकत अंगणाच्या कडेपर्यंत गेला. पडवीत दोघीच राहिल्या. जानकीबाईने उज्वलाला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि तिच्या ओढणीत मूठमूठ तांदूळ घालायला लागली. लेक सासरी परत जाताना घालतात तसे.

"आई, अजून आठवडा आहे मी."

"असू दे. आज भरते." पाच मुठी घालून झाल्या तरी ती घालतच राहिली. "माहेरवाशिनीची वाट सनाला बघायची असते गो. घरच्या लेकीची रोज बघतात, दिवं लागलं की. तू गेलीस तवापास्नं रोज बघितली मी. जेवताना बघितली, निजताना बघितली. येष्टीचा आवाज खाली आला की हात थांबायचा माजा. कुनाला सांगितलं नाय. लोकं म्हनली असती, येडी झाली. आता नाय बघनार. दमले. आता फकस्त शिमग्याला."

उज्वलाला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. बापाने सोडलं होतं, आईने धाडलं होतं, देवीपुढे नाव घेऊन सांगितलं होतं. आणि एवढं सगळं मिळाल्यावर तिला एकाएकी असं वाटलं, की त्या अंधाऱ्या शहरात आपण इतकी वर्षं उभे होतो ते या वाट बघण्याच्या जोरावर, आणि आता तेच गेलं.

"नको ना आई," ती म्हणाली. तिचा आवाज शाळकरी पोरीसारखा फाटला. "रोज बघ."

जानकीबाईने ओढणीची टोकं जवळ आणून घट्ट गाठ मारली. मग गुडघ्याला हात देऊन उठली आणि पडवीतला गुलाल झाडायला केरसुणी आणायला आत गेली.